विंचवाचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण मी वर्गात किती वेळा समजावून सांगितली असेल याची गणती नाही. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारतो, "बाई, विंचवाच्या पाठीवर खरंच घर असतं का?" मग मी सांगते, की घर नसते, पिल्ले असतात, विंचवीण आपली पिल्ले पाठीवर घेऊन हिंडते, आणि तेवढ्याने तिची नांगी काही बोथट होत नाही. वर्ग हसतो आणि तास संपतो. परंतु विंचवाच्या पाठीवर स्वतःच बिऱ्हाडासकट बसून थेट मुरुडपर्यंत जाण्याचा योग मात्र गेल्या पौषात आला.

हा विंचू म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मोटार. तिचे नाव अबार्थ पुंटो. तिच्या नाकावर विंचू आहे, पाठीवर विंचू आहे आणि चारही चाकांच्या मधोमध एकेक विंचू आहे. नाथांच्या भारुडातला विंचू परवडला, असे आई म्हणत असे. तो निदान एकटा तरी होता! धाकट्याने ही गाडी २०१६ साली पुण्याला घेतली. त्या वेळी आम्हा सर्वांना वाटले होते, की दहा लाखांच्या घरातली रक्कम मोजून या मुलाने एवढीशी, मागे दार असलेली, पाच माणसांची गाडी का घ्यावी? त्याच पैशात ऐसपैस, लांबलचक गाडी आली असती. त्यावर तो एवढेच म्हणाला, "ताई, ही साधी गाडी नाही. हिचं घराणं रॅलीचं आहे." रॅली म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे झेंडे, घोषणा आणि अडलेला रस्ता आला, आणि मी विषय सोडून दिला.

तो विषय पुन्हा निघाला याला कारण आमची मुरुडची वाडी. वाडी आप्पांची आणि आत्यांची मिळून आहे. आप्पा जन्मभर मुंबईला. वाडी सांभाळली ती आत्यांनी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले, तेव्हा त्या एका दुपारी आमच्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडून पडल्या. नारळ गेले, आंबा गेला, घराची कौले उडाली. आत्यांनी त्याच पावसाळ्यात नवी रोपे लावली. पण पोफळ फळाला यायला पाच-सहा वर्षे तरी लागतात, आणि आत्या आता सत्तरीच्या पुढे आहेत. अशात मुंबईच्या एका गृहस्थांनी वाडीला मागणी घातली. तेथे त्यांना पाहुण्यांसाठी बंगल्या बांधायच्या आहेत. आकडा मोठा होता. आप्पांनी प्रत्यक्ष येऊन हो किंवा नाही काय ते सांगावे, असा आत्यांचा निरोप आला.

आप्पा ऐंशीला टेकलेले. एस.टी.चा प्रवास त्यांना झेपण्यासारखा नाही. तेव्हा धाकटा म्हणाला, मी नेतो. आणि जाता जाता असेही म्हणाला, की विंचवाची ही बहुधा शेवटची सफर. कारण फियाटने २०१९ मध्ये आपल्या देशातला गाड्यांचा व्यवहार आटोपला, दहा वर्षांची गाडी झाली, इंजिनाखालची रबरे गेली आहेत आणि एक गिऱ्हाईकही आले आहे. म्हणजे एका प्रवासात दोन सौदे ठरायचे होते, एक वाडीचा आणि एक मोटारीचा.

आप्पांविषयी एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. ते चौतीस वर्षे कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यात फिटर होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेली ही कंपनी. इटलीच्या फियाटशी करार करून तिने येथे गाड्या बांधल्या. पन्नाशीच्या दशकातल्या त्या गोलमटोल फियाटला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटले, आणि त्यात तुच्छतेपेक्षा लाडच अधिक होता. पुढे तिचीच मुलगी ती अकराशे डिलाइट, आणि तिचेच नाव सत्तरीच्या दशकात पद्मिनी झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत रस्त्यावर होती. आप्पांनी अशा किती गाड्यांचे गिअरबॉक्स जोडले असतील ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. स्वतःची गाडी मात्र त्यांनी कधी घेतली नाही. "रोज आठ तास तिच्याबरोबरच असायचो की," असे म्हणून ते प्रश्न उडवून लावीत.

भाऊच्या धक्क्यावरून आता मोटारीसकट बोटीवर चढता येते. २०२० पासून ही सोय झाली आहे. तासाभरात मांडवा येते. बोटीच्या पोटात गाडी उभी करून आम्ही वर कठड्याशी जाऊन बसलो. आप्पांना बोटीत नेहमी थोडे गप्प व्हायला होते. रेवसला निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी, गटारीच्या दिवशी बुडाली, तेव्हा ते दोन वर्षांचे होते. पण त्यानंतर कित्येक वर्षे आजी कोणाला पावसाळ्यात समुद्रावरून जाऊ देत नसे. तो गप्पपणा मोडावा म्हणून मी सहज विचारले, "आप्पा, ही रॅली म्हणजे नेमकं काय असतं?"

मला वाटले धाकटा उत्तर देईल. उत्तर आले आप्पांकडून.

१९६८ सालच्या डिसेंबरात, म्हणजे ते कारखान्यात लागून दोनच वर्षे झाली होती, लंडनहून सिडनीला निघालेल्या मोटारी मुंबईला आल्या होत्या. नोव्हेंबरच्या २४ तारखेला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि खैबरखिंड ओलांडून, दिल्ली-इंदुरावरून आठवड्याभरात त्यांतल्या ७२ मुंबईला पोचल्या. तेथून 'चुसान' नावाच्या आगबोटीवर घालून त्या ऑस्ट्रेलियाला न्यायच्या होत्या. आप्पा आणि त्यांच्या पाळीतले चार-पाच सोबती रजा टाकून बंदराकडे गेले. "मला वाटलं होतं, काहीतरी विमानासारखी यंत्रं असतील," आप्पा म्हणाले. "बघतो तर काय, आपल्या-तुपल्या गाड्या! कोणाचा दिवा फुटलेला, कोणाचं दार दोरीनं बांधलेलं. धुळीनं रंग ओळखू येईना. पण गाड्या घरातल्याच." पुढे ती शर्यत जिंकली हिल्मन हंटर या गाडीने. हिल्मन हंटर म्हणजे इंग्लंडातल्या कारकुनाने रविवारी बायकामुलांना घेऊन फिरायला जावे अशी गाडी.

वाचकहो, रॅलीचे मर्म हेच आहे, आणि ते मला आप्पांच्या तोंडून प्रथम कळले. वर्तुळाकार गुळगुळीत धावपट्टीवर पळणाऱ्या शर्यतीच्या गाड्या ही वेगळी जात. त्या बाजारात मिळत नाहीत आणि त्यांतून कोणी भाजी आणायला जात नाही. रॅलीतली गाडी मात्र दुकानात मिळणाऱ्या गाडीचीच बहीण असावी लागते. रस्ताही आपलाच, घाटाचा, खडीचा, चिखलाचा, बर्फाचा. तेवढ्यापुरता रहदारीला बंद केलेला. गाड्या एकामागून एक ठरावीक अंतराने सोडतात आणि प्रत्येकीची झुंज घड्याळाशी असते. गाडीत माणसे दोन. एक हाकणारा आणि दुसरा वाचणारा. हा दुसरा गृहस्थ आदल्या दिवशी सारा रस्ता फिरून प्रत्येक वळणाचे टिपण काढतो, आणि शर्यतीत ते मोठ्याने वाचून दाखवतो. डावे वळण किती तीव्र, पुढे चढ किती, मोरी कोठे. हाकणारा डोळ्यांनी पाहून नव्हे, तर ऐकून गाडी वळवतो. टिपणे काढून वाचणाऱ्या माणसाला जगात कोठेतरी एवढा मान आहे हे ऐकून माझ्यासारख्या प्राध्यापिकेला फार बरे वाटले.

मांडव्याला उतरलो आणि अलिबागच्या रस्त्याला लागलो. आता धाकट्याची पाळी होती. हा विंचू कोणाचा, ते त्याने सांगितले.

१९०८ सालच्या १५ नोव्हेंबरला व्हिएन्नात कार्ल अबार्थ नावाचा मुलगा जन्मला. युरोपच्या पंचांगाप्रमाणे त्याची रास वृश्चिक. तरुणपणी तो फटफटीच्या शर्यती लढवीत असे. १९३४ साली त्याने बाजूगाडी लावलेल्या फटफटीवरून ओरिएंट एक्स्प्रेस या प्रख्यात आगगाडीशी शर्यत लावली आणि तीत आगगाडीला हरवले. पुढे अपघाताने शर्यती सुटल्या. युद्धानंतर तो इटलीत स्थायिक होऊन कार्लो झाला, आणि १९४९ साली त्याने स्वतःचा कारखाना काढला. निशाणी म्हणून आपली रासच लावली, ती म्हणजे विंचू. गंमत अशी, की या शर्यतवेड्या माणसाचा चरितार्थ चालला तो धुराड्यांवर. फियाटच्या छोट्या घरगुती गाड्यांना तो नवे धुराडे बसवून देई. त्यामुळे इंजिन मोकळा श्वास घेई आणि गाडी चार पावले पुढे पळे. मग धुराड्यापाठोपाठ इंजिनालाही हात घातला. पाचशे-सहाशे सी.सी.च्या, बाजारहाट करणाऱ्या फियाट त्याच्या हाताखालून निघत, त्या मोठमोठ्यांना मागे टाकीत. १९६५ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आपल्याच एका चिमुकल्या विक्रमी गाडीत मावावे म्हणून त्याने सफरचंदे खाऊन ३० किलो वजन उतरवले, आणि मोंझाच्या धावपट्टीवर जाऊन विक्रम केला.

"आणि तू?" आप्पांनी धाकट्याच्या पोटाकडे पाहून विचारले. धाकट्याने विषय पुढे नेला.

१९७१ साली अबार्थने कारखाना फियाटला विकला. तेव्हापासून तूरिन शहरातली ती विंचवाची शाळा फियाटचा आखाडा झाली. तेथून निघालेल्या फियाट १३१ अबार्थने १९७७, १९७८ आणि १९८० अशी तीन वेळा जागतिक रॅलीची ढाल जिंकली. पण या आखाड्याचा खरा हिंदकेसरी पुढेच होता.

चौल मागे पडले. रेवदंड्याच्या कोटातून रस्ता बाहेर पडतो आणि एकदम कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल येतो. पुलावरून उजवीकडे समुद्र दिसतो आणि त्यात घुसलेली कोर्लईच्या किल्ल्याची टेकडी दिसते, पहुडलेल्या जनावरासारखी. पोर्तुगीज येथून १७४० साली गेले, पण त्यांच्या भाषेची एक मिसळण कोर्लईतली ख्रिस्ती माणसे आजही घरात बोलतात. मराठीच्या तासाला मी हे सांगते तेव्हा मुलांना खरे वाटत नाही. भाषा काय किंवा गाडी काय, मालक निघून गेल्यावरही जे वापरात ठेवतात त्यांच्याकडे ती राहते. पूल झाल्याच्या आधी ही खाडी तरीतून ओलांडावी लागे, आणि साळावपासून मुरुडपर्यंतचा रस्ता आप्पांनी तरुणपणी सायकलवर तुडवला होता.

पूल ओलांडून गाडी दक्षिणेला वळली आणि आप्पा पुढच्या आसनावर सरसावून बसले. "आता डावं," ते म्हणाले. "हळू. मग चढ आहे. चढ संपला की लगेच उजवं, त्याच्यापुढे मोरी." धाकट्याने माझ्याकडे आरशातून पाहिले. मी काही बोलले नाही. वळण डावे आले. चढ आला. मोरी आली. साठ वर्षांपूर्वी सायकलवरून पायाला लागलेला रस्ता आप्पांच्या जिभेवर होता! एकदा मात्र त्यांनी वळण सांगितले आणि रस्ता सरळ निघाला. तेथे डोंगर कापून रुंदी केली असावी. आप्पा चिडले. "उगीच सरळ केलान," म्हणाले.

याच वळणांवर मला डेल्टाची हकीकत ऐकायला मिळाली. लान्चा ही इटलीतली जुनी कंपनी. १९६९ साली ती फियाटच्या पदरात आली. तिने १९७९ साली डेल्टा नावाची एक हॅचबॅक काढली. जुजारो या नामांकित आकृतिकाराने रेखाटलेली, चौकोनी, सोज्वळ, पाच दारांची गाडी. पुढच्या वर्षी युरोपातली उत्तम मोटार म्हणून तिचा गौरवही झाला. पण तो गौरव सुनेचा. अंगात येणार हे तेव्हा कोणाला दिसले नव्हते.

त्या वेळच्या रॅलीत एक अघोरी वर्ग होता. फक्त २०० गाड्या बांधून दाखवल्या की कोणतेही यंत्र रॅलीत उतरवता येई. मग कंपन्यांनी घरगुती गाडीचे नुसते सोंग घेतलेले राक्षस बांधले. लान्चाचीही तशी एक होती, नावाला डेल्टा आणि आतून निराळीच. १९८६ च्या मे महिन्यात कॉर्सिका बेटावर त्या गाडीत हेन्री तोइव्होनेन आणि त्याचा टिपणे वाचणारा सेर्जो क्रेस्तो हे दोघे जळून गेले. तो वर्ग त्यानंतर बंद झाला. १९८७ पासून नियम असा आला, की वर्षाला ५,००० गाड्या ज्या जातीच्या बांधल्या असतील तीच रॅलीत धावेल. म्हणजे पुन्हा घरातली गाडी. सगळ्या कंपन्यांची धांदल उडाली. पण लान्चाजवळ ती सोज्वळ डेल्टा होती, आणि नुकतेच तिला चारही चाकांनी ओढणारे यंत्र आणि टर्बो बसवून झाले होते.

पुढे जे घडले ते रॅलीच्या इतिहासात त्यापूर्वी घडले नव्हते. १९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षे कंपन्यांचे अजिंक्यपद डेल्टाकडे राहिले. मोंटे कार्लोचा बर्फ तिने जिंकला. केनियातली सफारी रॅली, जेथे चिखल चाकांच्या वर येतो, ती मिकी बियाझिओनने डेल्टातून १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोनदा मारली. आणि या गाड्यांतली जी बाजारात जाई, ती इंटिग्राले, तिचे अश्वबळ १८५ पासून चढत शेवटी १९९३ च्या आवृत्तीत २१५ झाले. तिची छायाचित्रे धाकट्याने दाखवली. मडगार्डे पहिलवानाच्या दंडांसारखी फुगलेली. पण मागचे दार उघडले की सामानाला जागा, आणि मागे तीन मुले बसतील असे आसन. घरसंसार सगळा जागच्या जागी. पाठीवर बिऱ्हाड आणि शेपटीला नांगी! मला माझी म्हण एकदम नव्याने कळली.

"आणि ही?" आप्पांनी पुंटोच्या पुढच्या पाटावर टिचकी मारली. "हिचा आणि तिचा काय संबंध?"

संबंध आहे तो असा. ग्रांदे पुंटो ही २००५ सालची गाडीही जुजारोंच्याच चित्रशाळेतली. तिचा रॅलीसाठी बांधलेला अबार्थ अवतार घेऊन जांदोमेनिको बास्सो याने २००६ साली युरोपची ढाल मिळवली. २००९ साली ती पुंटो आपल्याकडे आली, पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात बनू लागली, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये तिच्यातच टर्बोचे १४५ अश्वशक्तीचे इंजिन आणि चारही चाकांना चकत्यांचे ब्रेक घालून ही विंचवाची आवृत्ती निघाली. किंमत ९ लाख ९५ हजार. रांजणगावचा महागणपती अष्टविनायकांतला, त्यामुळे आत्यांच्या दृष्टीने गाडीचे कुळ एकदम शुद्ध ठरले होते, ही गोष्ट वेगळी.

आप्पांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "हिची ओढ चारी चाकांना की पुढच्या दोन?" धाकटा म्हणाला, पुढच्या दोन. "आणि ही स्वतः कुठल्या रॅलीत धावली?" धाकटा गप्प. "म्हणजे घराणं पहिलवानाचं, पण हा पोरगा कचेरीत जाणारा." आप्पांनी निकाल दिला. मला तो थोडा कठोर वाटला, पण खोटा नव्हता. घराण्याच्या गप्पा मारताना आपण सगळेच पणजोबांच्या दंडाचा घेर सांगतो.

काशीदचा किनारा आला. पर्यटकांच्या गाड्या, उंट, घसरणाऱ्या रबरी होड्या, शहाळ्यांचे ढीग. तेथे थांबण्यासारखे पूर्वी पुष्कळ होते. नांदगावच्या अलीकडे रस्ता मोकळा झाला, पुढे-मागे कोणी नव्हते, आणि आप्पा म्हणाले, "एकदा ऐकव बघू तिचा आवाज." धाकट्याने गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. क्षणभर काहीच झाले नाही. मग पुढून कोठूनतरी बारीक शीळ ऐकू आली आणि माझी पाठ आसनात रुतली. दहा-बारा सेकंदांचा खेळ. पुढे वस्ती दिसली तसा धाकट्याने पाय काढला. मी देवाचे नाव घेत होते. आप्पा डोळे मिटून ऐकत होते.

"भाता आहे," ते म्हणाले. "लोहाराचा भाता." आणि मग माझ्यासाठी त्यांनी फोड केली. इंजिनातून जळून बाहेर जाणारा धूर वाया जातो. त्याच्या वाटेत एक भिरभिरे बसवायचे. धुराने ते फिरते, आणि त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला असलेले भिरभिरे बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. पद्मिनीचे इंजिन १०८९ सी.सी.चे, अश्वशक्ती चाळीसच्या आसपास. हिचे १३६८, आणि अश्वशक्ती १४५. फरक पावशेराचा आणि जोर तिपटीहून अधिक. "आमच्या वेळी हे नव्हतं," आप्पा म्हणाले. त्यात खंत नव्हती. कारागीर कारागिराविषयी बोलतो तसा तो आवाज होता.

मुरुडात शिरताना उंचावर नबाबाचा वाडा दिसतो. १९४८ पर्यंत हे जंजिरा संस्थान होते आणि मुरुड त्याची राजधानी. वाड्याखालून रस्ता उतरला, की नारळ-पोफळींच्या वाड्यांतून गाव सुरू होते. किंवा सुरू होत असे म्हटले पाहिजे, कारण वादळानंतर ऊन जेथे कधी पडत नव्हते तेथे आता पडते. आत्या फाटकात उभ्या होत्या. गाडीवरचा विंचू पाहून त्यांनी आधी गाडीवरूनच मीठ-मोहऱ्या उतरवल्या.

वाडी पाहिली. जुन्या पोफळींतल्या मोजक्या उभ्या, आणि त्यांच्या मधून पुरुषभर, दीड पुरुष उंचीची नवी रोपे. पाटाचे पाणी आळ्याआळ्यांतून फिरत होते. आप्पा काठी टेकीत एकेका रोपाजवळ थांबत होते. कोणी कोणाशी सौद्याचे बोलले नाही. संध्याकाळी परसात पोपटी लावली. रायगडातल्या माणसाला पोपटी सांगायला नको. इतरांसाठी सांगते, की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा आणि मीठ घालून, तोंड पाल्यानेच गच्च बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. पाणी थेंबभर नाही. शेंगा स्वतःच्याच वाफेत शिजतात. "हाही टर्बोच," धाकटा म्हणाला, आणि आत्यांनी त्याला दोन शेंगा जास्त दिल्या.

दुसऱ्या दिवशी राजपुरीला गेलो. आप्पांना शिडाच्या होडीत चढवणे शक्य नव्हते, म्हणून धक्क्यावर बसूनच जंजिरा पाहिला. हा किल्ला महाराजांना मिळाला नाही, संभाजीराजांना मिळाला नाही. १६८२ साली संभाजीराजांनी खाडीत भराव घालून वाट करण्याचा घाट घातला होता, तोही अर्धा राहिला. सिद्दी तेथे राहिले ते १९४८ पर्यंत. आम्हा मुरुडकरांना शाळेत हा धडा वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते, कारण किल्ला आमचा आणि जय मात्र दुसऱ्याचा. म्हणून मुरुडची जुनी माणसे पाहुण्याला जंजिरा दाखवतात आणि मग हळूच किनाऱ्यावर आणून समोरच्या कासा बेटाकडे बोट करतात. तो पद्मदुर्ग. सिद्दीला शह म्हणून महाराजांनी बांधलेला.

आप्पा लहानपणी कोळ्यांच्या होडीतून तेथे पुष्कळदा गेलेले. मीही एकदा गेले आहे. पद्मदुर्गाच्या तटाची एक नवलाई आहे. लाटा आणि खारे वारे यांनी साडेतीनशे वर्षांत दगड खाल्ले. ते हातभर आत गेले आहेत. पण दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा बाहेर उभा आहे. दगड झिजला आणि सांधा राहिला. आप्पांनी मला हे लहानपणी सांगितले तेव्हा त्यांना त्यात फिटरची गोष्ट दिसत होती. ते म्हणत, माल कसला वापरलाय त्यापेक्षा जोडणारा कोण होता ते बघ.

त्या दुपारी माजघरात सौद्याचे बोलणे निघाले. आप्पा म्हणाले, "तू थकलीस. पैसे येतील, तू मुंबईला ये." आत्या उठल्या आणि मला हाताला धरून विहिरीपलीकडे घेऊन गेल्या, आप्पाही मागून आले. तेथल्या ओळीत, २०२० च्या आषाढात लावलेल्या एका रोपाची पोय फुटली होती आणि आतून पिवळट फुलोरा बाहेर आला होता. एकाच रोपाला. बाकी शंभरांना अजून काही नव्हते. "बाय, हे बघ," आत्या मला म्हणाल्या, पण ऐकवीत होत्या आप्पांना. "हे मी कोणासाठी लावलंन? त्या बंगलीवाल्यासाठी? दादा, मला थकायला अजून वेळ आहे."

आप्पांनी काठीने आळ्यातले एक वाळले पान बाजूला केले. म्हणाले, "बरं. त्याला कळव, नाही म्हणून." मोठ्या रकमेचा प्रश्न इतक्या थोडक्यात संपला याचे मला नवल वाटले, धाकट्याला बहुधा थोडे वाईटही वाटले, कारण त्या रकमेत त्याचाही वाटा होता. पण तो काही बोलला नाही. मला मात्र तो निर्णय पटला. रक्कम चांगलीच होती. पण नव्याने लावलेली बाग पहिल्या बहरापूर्वी विकणे हे मला रॅलीतून मुंबईलाच परत फिरण्यासारखे वाटते. शर्यतीचा शेवट सिडनीला होता.

निघण्याच्या सकाळी आप्पा गाडीखाली वाकून पाहत होते. ऐंशीच्या माणसाने जमिनीवर गोणपाट टाकून आडवे व्हावे हे आत्यांना पसंत नव्हते. "रबर गेलंय म्हणतोस ते हे," आप्पा खालून म्हणाले. "रबर आहे ते, दहा वर्षांत जायचंच. नवीन मिळत नाही म्हणून गाडी विकणार?" धाकटा म्हणाला, गॅरेजवाला तसेच म्हणतो. "गॅरेजवाल्याला खोका उघडून नवं बसवायची सवय. जुन्याचा लोखंडी पिंजरा शाबूत आहे. त्यात रबर ओतून देणारा माणूस कुर्ल्याला आहे. आमच्या पद्मिनीचे असेच भरून घ्यायचे टॅक्सीवाले. मी येतो तुझ्याबरोबर." धाकट्याने गिऱ्हाइकाला काय कळवले ते मी विचारले नाही. बोटीवर त्याने कोणाला तरी फोन केला, आणि फोन फार लांबला नाही, एवढे मी पाहिले.

पण ते नंतर. आधी सामान भरायचे होते. आत्यांनी नारळ आणले, ओल्या सुपाऱ्यांची गोण आणली, पोपटीचे उरलेले वाल आणले, कोकमाची बरणी आणली, आणि दाराशी अजून एक पोते होते. मागचे दार उघडे होते आणि गाडीचे बूड दिसण्याइतके खाली गेले होते. या गाडीची जमिनीपासूनची उंची मुळात १५५ मिलिमीटर, आणि वाडीच्या फाटकात दगडी उंबरा आहे. धाकटा हात जोडून म्हणाला, "आत्या, पुरे. ही शर्यतीच्या घराण्यातली गाडी आहे."

आप्पांनी मागच्या चाकाशी वाकून चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागा बोटांनी मोजली.

"तीन बोटं आहे," ते म्हणाले. "अजून दहा नारळ बसतील."